मशेरी-त्याग : सवयीमागील सामाजिक संकेत व पादांशिक क्रम

मशेरी सोडण्याचा उपदेश आपण सर्वच व्यावसायिक नित्य करतो. रुग्णा मान डोलावते आणि पुढील भेटीस डबी तिच्याजवळच असते. ‘मनोबल नाही’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. प्रस्तुत लेखात या अपयशाची मीमांसा व चिकित्सालयात योजता येईल असा क्रम मांडीत आहोत.

व्याप्ती : २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. मशेरी मुखकर्करोगास कारण होतेच. शिवाय गर्भावरही तिचा परिणाम होतो. मुंबईतील १२१७ गर्भिणींच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मातांच्या अर्भकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

शास्त्रीय विचार : तंबाखू पोर्तुगीजांमार्फत भारतात आली, बृहत्त्रयीत तिचा उल्लेख नाही. परंतु सवय कशी जडते व कशी सुटते, याचे विवेचन चरकसंहितेत स्पष्ट आहे. अभ्यासाने जे सुखावह वाटू लागते ते ओकसात्म्य. आणि धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशाने घडते ते अहितकर कर्म म्हणजे प्रज्ञापराध. मशेरीत हे तिन्ही भ्रंश दिसतात. ‘मशेरीने दाढ दुखत नाही, पोट साफ होते’ हा समज धीभ्रंश होय. पहाटे तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास येताच वैद्याचे सांगणे आठवत नाही, हा स्मृतिभ्रंश. शेजारणीने डबी पुढे केली की नाही म्हणवत नाही, हा धृतिभ्रंश. आपला उपदेश केवळ धीवर काम करतो. स्मृती व धृती मात्र घराच्या ओट्यावर, चारचौघींत ढळतात; तेथे आपली चिकित्सा पोहोचतच नाही.

आधुनिक संशोधन यास पुष्टी देते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदींवरून २००८ साली असे दिसून आले की, पती वा पत्नीने धूम्रपान सोडल्यास जोडीदार धूम्रपान करीत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. लंडनमध्ये ९६ व्यक्तींवर झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ दिवस, मध्यमानाने ६६ दिवस लागले. सारांश, व्यसन एकटीचे नसते आणि ते आठ दिवसांत सुटतही नाही.

चिकित्साक्रम :

१) संकेत-नोंद : मशेरी किती वेळा, कोठे, कोणाबरोबर व कशानंतर लावली जाते, हे विचारून केसपेपरवर लिहावे. उठल्याबरोबर, शौचापूर्वी, जेवणानंतर व दुपारच्या गप्पांत, असे प्रसंग बहुधा आढळतात.

२) पादांशिक क्रम : चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय एकदम न तोडता अंशाअंशाने सोडण्यास व त्याच प्रमाणात हितकर सवय जोडण्यास सांगितले आहे. असे क्रमाने गेलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत, हे त्याचे प्रयोजन. दुपारची वेळ प्रथम सोडवावी. उठल्याबरोबरची सर्वांत बळकट असल्याने शेवटी. प्रत्येक टप्प्यास आम्ही साधारण एक आठवडा देतो. गर्भिणीच्या बाबतीत मात्र दीर्घ क्रमास वाव नाही. तिने मशेरी तत्काळ पूर्ण थांबवावी.

३) पर्याय : वेळ तीच, कृतीही तीच ठेवून द्रव्य बदलावे. दंतधावनास कटु, तिक्त, कषाय रस विहित आहेत. खदिर, बाभूळसाल, त्रिफळा व अल्प लवंग यांचे मंजन नव्या डबीत द्यावे; जुनी डबी घराबाहेर जावी.

४) परिवार : पुढील भेटीस सासू, जाऊ किंवा शेजारीण यांना सोबत बोलवावे. वडीलधाऱ्या स्त्रीस दोष न देता, ‘सूनबाईसाठी आपणही महिनाभर थांबून पाहता का?’ असे विचारावे. घरात तंबाखू भाजणे थांबले, तर अर्धे काम होते.

५) उपद्रव : मलावष्टंभ झाल्यास रात्री कोष्ठानुसार त्रिफळा चूर्ण कोमट पाण्यासह द्यावे, चिडचिड व अनिद्रा असल्यास सत्त्वावजयाबरोबर पादाभ्यंग योजावा. हे काही दिवसांचे असते, याची कल्पना आधीच द्यावी.

मुखपरीक्षण प्रत्येक भेटीत करावे. पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडण्यास अडचण किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास रुग्णास विलंब न लावता तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्यांस : दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास १९९२ पासून मनाई आहे. तरीही मंजन मागवताना घटकद्रव्ये वाचून घ्यावीत. मंजन विकत घेणाऱ्या भगिनीस ‘मशेरी लावता का?’ एवढे आपुलकीने विचारले, तरी तो एक हितकर संकेतच ठरतो.

उपदेश दोन मिनिटांत संपतो. संकेत दिवसभर कार्यरत असतात. म्हणून रुग्णेबरोबर तिचा ओटा, तिची वेळ आणि तिच्या सोबतिणी यांचीही चिकित्सा करावी, असे आमचे व्यावसायिक बंधुभगिनींस नम्र निवेदन आहे.