दम संपला की डाव चुकला? मॅकग्रेगर-डियाझच्या दोन लढती आणि तुमचा गल्ला

व्हिडिओत कॉनर मॅकग्रेगरचा विषय घाईत उरकला होता. आज जरा निवांत बोलू. एमएमए बघत नसाल तरी चालेल, एवढंच लक्षात ठेवा: यूएफसीची मुख्य लढत 5 फेऱ्यांची असते. एक फेरी 5 मिनिटांची, मध्ये 1 मिनिट विश्रांती.

डिसेंबर 2015 मध्ये आयर्लंडच्या या पठ्ठ्यानं जोसे आल्डोसारख्या चॅम्पियनला 13 सेकंदांत आडवा केला. पुढच्याच लढतीत, 5 मार्च 2016 ला लास वेगासमध्ये, ठरलेला प्रतिस्पर्धी जखमी झाला आणि नेट डियाझ जेमतेम 11 दिवस आधी तयार झाला. पहिली फेरी मॅकग्रेगरची. दुसऱ्या फेरीत मात्र त्याला धाप लागली, ठोसे हवेत जायला लागले आणि डियाझनं मागून गळा आवळून लढत संपवली.

सगळे म्हणाले, "याच्यात दमच नाही." मला हे अर्धंच पटतं. डियाझ ट्रायथलॉन करणारा माणूस, त्याचा दम दांडगा, हे खरं. पण मॅकग्रेगर प्रत्येक ठोसा शेवटचा असल्यासारखा मारत होता. 66 किलो गटातले गडी ज्या ठोशानं झोपायचे, तो ठोसा 77 किलो गटातला डियाझ पचवत होता. आणि हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, कारण हात थांबवायलाही ताकद तुम्हीच लावता. डियाझ मात्र हलके, पण सारखे ठोसे देत राहिला. म्हणजे टाकी लहान होतीच, पण नळही पूर्ण सोडलेला होता.

आता दुकानाकडे या. समजा तुमच्याकडे 5 लाख आहेत. साडेतीन लाख फर्निचर, बोर्ड, उद्घाटन आणि "एकावर एक फ्री"मध्ये गेले. उरले दीड लाख. भाडं, लाईट बिल, पोरांचा पगार मिळून महिन्याला 40 हजार. विक्री रांगेला लागली नाही तर चौथ्या महिन्यातच गल्ला रिकामा. तेव्हा लोक म्हणणार, "भांडवल कमी पडलं." अहो, भांडवल पहिल्याच फेरीत हवेत मारलं की!

खरी शिकवणी 20 ऑगस्ट 2016 च्या दुसऱ्या लढतीत आहे. तोच डियाझ, तोच वजनगट, आणि तो गट मॅकग्रेगरनं स्वतःच मागून घेतला होता. या वेळी त्यानं सायकलिंगसारख्या सरावानं दम वाढवला, पण डावही बदलला. सुरुवातीपासून डियाझच्या पुढच्या पायावर लाथा. दिसायला साधं काम, पण त्यानं समोरच्याची चाल मंदावते. पहिल्या दोन फेऱ्यांत डियाझ तीनदा खाली पडला, तरी मॅकग्रेगर त्याच्यावर झेपावला नाही, "ऊठ" म्हणून खूण केली. कारण जमिनीवर डियाझ उस्ताद, तिथंच मागच्या वेळी गळा सापडला होता. मोठी ऑर्डर दिसली म्हणून 90 दिवसांच्या उधारीवर माल देणाऱ्यांनी हा भाग दोनदा बघावा.

तिसऱ्या फेरीत मॅकग्रेगर पुन्हा दमला, मार खाल्ला. मधेमधे तो चक्क पाठ फिरवून लांब जायचा. यावर आजही वाद आहे: हा पळपुटेपणा की डाव? माझं मत, डाव. ते काही सेकंद त्यानं श्वासासाठी विकत घेतले, टोमण्यांची किंमत मोजून. चौथी फेरी त्याला मिळाली, पाचवी डियाझला. दोन पंचांनी 48-47 असे गुण मॅकग्रेगरला दिले, तिसऱ्यानं 47-47. निसटता विजय, पण 25 मिनिटं उभं राहून मिळवलेला.

धंद्यात ते पाठ फिरवणं म्हणजे मंद महिन्यात नवा माल न भरणं, दुसरी शाखा पुढं ढकलणं. शेजारचा हसेल, हसू द्या. माझ्या दुकानात दिवाळीची गर्दी ओसरायच्या आत मी जानेवारी-फेब्रुवारीचं भाडं वेगळ्या खात्यात टाकतो, मग हिशेब करतो नफा किती झाला ते.

तर आता वही काढा. विक्री शून्य धरा आणि हातातल्या रोख पैशाला महिन्याच्या ठरलेल्या खर्चानं भागा. उधारी धरायची नाही, पडून असलेला मालही धरायचा नाही. आकडा सहाच्या खाली आला तर उद्घाटनाच्या यादीतली सगळ्यात महाग ओळ आजच खोडा.