चित्रकला-शिक्षक कसे व्हावे?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पुढील शिक्षणाविषयी सल्ला घेण्यास पुष्कळ पालक आम्हांकडे येतात. त्यांपैकी दोघांचे प्रश्न आमच्या मनात राहिले आहेत. पेणचे एक मूर्तिकार गृहस्थ म्हणाले, “सर, पोराचा हात चांगला बसला आहे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी तो माझ्यापेक्षा सफाईने करतो. त्याला शाळेत चित्रकला शिकवायची आहे, तर आणखी चार-पाच वर्षे शिकायचे कशासाठी?” रोह्याच्या एका मातेची चिंता निराळी होती. “मुलगी चित्रे सुरेख काढते, पण एवढे शिकून तिला नोकरी मिळेल का?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. विद्यार्थ्यांनी व पालकांनी मिळून विचार करावा, यास्तव त्यांची उत्तरे येथे क्रमाने देत आहो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही पदवीधर झालो, अध्यापनाचे शिक्षणही घेतले; परंतु चित्रकला हा आमचा विषय नव्हे. नोकरीच्या आरंभीच्या दिवसांत शिक्षक अपुरे असल्यामुळे पाचवीचा चित्रकलेचा तास आम्हांकडे आला. आम्ही फळ्यावर एक होडी काढली व मुलांस ती उतरवून घेण्यास सांगितले. खाडीकाठच्या गावाहून येणाऱ्या एका मुलाने निराळीच होडी काढली : लांबट, बदामासारखी, आत जाळ्याचा ढीग. आम्ही लाल पेन्सिल घेऊन तिच्यावर फळ्यावरची होडी रेखून दिली. त्या दिवसापासून तो मुलगा फळ्यावर असेल तेवढेच काढू लागला. काही महिन्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले शिक्षक आले. ती वही चाळून ते सौम्यपणे म्हणाले, “याने होडी खारबंदिस्तीच्या बांधावर उभे राहून, वरून पाहिलेली आहे. ती बरोबर होती.” आम्ही खजील झालो. मुलगा पुढे शिकून गेला. परंतु त्याने आपल्या मनाने काढलेले चित्र आम्हांस पुन्हा पाहावयास मिळाले नाही.

स्वतः चित्र काढता येणे ही एक विद्या होय, आणि दुसऱ्याचे चित्र वाचता येणे ही दुसरी. मुले वयाप्रमाणे निरनिराळ्या रीतीने पाहतात व काढतात, हे ज्ञान फार जुने नाही. व्हिएन्ना शहरी फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग उघडला व मुलांच्या चित्रांस स्वतंत्र मोल आहे असे दाखविले. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात मुलाच्या चित्रांतील वाढीच्या पायऱ्या मांडल्या. चित्रकला-शिक्षकाच्या अभ्यासक्रमात रेखाटन, रंगकाम व संकल्पचित्र यांच्या जोडीस अध्यापनपद्धती, पाठाचे टाचण, फलकावरील रेखाटन व प्रत्यक्ष वर्गातील सराव-पाठ असतात ते याचसाठी. पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या शंभर मूर्ती सारख्या असणे हे कौशल्याचे लक्षण आहे. वर्गातील पन्नास चित्रे सारखी निघाली, तर शिक्षकाने आपल्या पाठाचा पुन्हा विचार करावा.

या शिक्षणास आपल्या प्रांतात मोठी परंपरा आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ साली एक लक्ष रुपये देऊ केले व १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. तेथे १८७९ पासून रेखाकला हा विषय, व १८९३ पासून चित्रकला-शिक्षकांच्या शिक्षणाचा वर्ग चालू झाला. १९६५ साली महाराष्ट्र राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले. १९८१ साली ही कलाशाळा मुंबई विद्यापीठास जोडली गेल्यावर तेथील विद्यार्थ्यांस कलेतील पदवीचा मार्ग खुला झाला.

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. पहिली पायरी शाळेतच आहे : एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन यांची तयारी त्यांत होते. कित्येक विद्यार्थी दहावीच्या वाढीव गुणांपुरत्याच या परीक्षा देतात. ज्यास शिक्षक व्हावयाचे आहे त्याने त्या पाया समजून द्याव्यात. त्यापुढे दोन वाटा फुटतात. एक वाट दोन वर्षांच्या कलाशिक्षक पदविकेची, म्हणजे ए. टी. डी. ची, तिच्यापुढे आर्ट मास्टर हा अभ्यासक्रम आहे. दुसरी वाट बारावीनंतर चार वर्षांच्या ललितकला पदवीची, म्हणजे बी. एफ. ए. ची, तिच्यापुढे पदव्युत्तर एम. एफ. ए. करता येते. जी. डी. आर्ट ही पदविका घेतलेल्यांसाठी कलाशिक्षणाची स्वतंत्र पदविकाही आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक राज्य शिक्षकास परवाना देते, व पुष्कळ पदवीधर पदव्युत्तर अभ्यास करून तो मिळवितात. आपल्याकडे मान्य पदविका वा पदवी हाच परवान्याचा पाया होय; खाजगी अनुदानित शाळेत नेमणूक झाल्यावर तीस शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी लागते. प्रवेशाचे व नेमणुकीचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक व जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर शुल्क भरू नये. संस्थेचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे की नाही, हे प्रवेशापूर्वीच विचारावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगणे बरे नव्हे. चित्रकला-शिक्षकांच्या जागा थोड्या असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाचीच तरतूद आहे. पदविका हाती पडताच कायमची जागा मिळेल, असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये. परंतु अक्षरलेखन, संकल्पचित्र, रंगसंगती ही विद्या छपाई, जाहिरात, वस्त्रनक्षी आणि पेणच्या मूर्तिकामातही उपयोगी पडते. ज्याच्या हाती दुसरेही काम आहे, तो जागेची वाट धीराने पाहू शकतो.

घरच्या कारागिरीस शिक्षणाची जोड मिळाल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यातील सासवणे गावचे, जन्म १८९१. लहानपणी त्यांचा हात गणेशमूर्तींवर बसला. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले, व त्यांच्या साहाय्याने हा मुलगा मुंबईच्या कलाशाळेत गेला. पुण्यातील १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. सासवणे येथे त्यांच्या घरी त्यांची शिल्पे पाहावयास मिळतात. पालकांनी सुटीत मुलांस तेथे अवश्य न्यावे. गुण मुलाच्या अंगी होता. तो पाहणारा डोळा वेळेवर भेटला. प्रत्येक गावी कलेक्टर येत नाही. शाळेत चित्रकलेचा जाणता शिक्षक असला, तर ते काम रोज होऊ शकते.

म्हणून मूर्तिकार गृहस्थांस आम्ही सांगितले की, मुलास शिकू द्या. गणपतीच्या दिवसांत तो तुमच्या हाताखाली येईलच. रोह्याच्या मातेस सांगितले की, मुलीस परीक्षा देऊ द्या, मात्र जागेची खात्री मागू नका व आम्हीही ती देणार नाही.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आजच करता येईल असे एक काम आहे. एक कोरी वही करा. कुंडलिकेचा काठ, भोगावतीवरचा पूल, फलाटावर गाडीची वाट पाहणारी माणसे, घरची चूल, जे दिसेल ते जसे दिसेल तसे रोज एक पान काढा. पुस्तकातून उतरवू नका. वर्षअखेरीस ती वही आम्हांस आणून दाखवा. आम्ही लाल पेन्सिल घेऊन बसणार नाही.