युवक अभ्यास : मुलाखतीची तयारी घरापासून



डहाणू-तलासरीची आपली मुले-मुली आता सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. होऊ लागली आहेत. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, त्यामुळे येथे नव्या कारखान्यांवर बंधने आहेत. नोकरीसाठी दक्षिणेला बोईसर-तारापूर गाठावे लागते, नाहीतर हद्द ओलांडून वापी. तेथे औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत, पण दारात मुलाखत उभी असते.

गेल्या वर्षी तलासरी तालुक्यातील एका वारली मुलीकडून मी महिनाभर प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली. मुलाखतीत विचारले गेले, "किण्वन प्रत्यक्ष कुठे पाहिले आहे?" ती गप्प राहिली. तिचे वडील ताडी काढतात. पण "ताडीचे नाव काढू नकोस, लोक हसतील," असे मीच तिला बजावले होते. निवड झाली नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. त्यातून शिकलेले चार धडे असे :

१. घरातले विज्ञान ओळखा. झाडावरून उतरलेला ताजा रस गोड असतो. हवेतले व मडक्यातले यीस्ट त्यातील साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करतात, म्हणून ताडीला फेस येतो. नीरेसाठी मडक्याला आतून चुना लावतात, कारण चुन्याने रस अल्कधर्मी होतो आणि सूक्ष्मजीवांची वाढ रोखली जाते. आपण व्यसनाविरुद्ध जरूर बोलावे, पण हे ज्ञान लपवू नये. चिकूचेही तसेच. खिरणीच्या रोपावर चिकूचे कलम बांधले की मूळ झाडाच्याच गुणाचे झाड मिळते. ऊतिसंवर्धनात हेच काम बाटलीत, निर्जंतुक माध्यमावर होते. आपल्या डहाणू-घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही सांगता यावे.

२. "का" विचारा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटे, हे सर्वांना पाठ असते. पण दाब कशाला? साध्या उकळण्याने काही जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. दाबाखाली वाफेचे तापमान १०० अंशांच्या वर जाते, तेव्हा ते मरतात. तत्त्व प्रेशर कुकरचेच आहे. प्रत्येक उपकरणाबद्दल असा एक "का" तयार ठेवावा.

३. येत नसेल तर तसे सांगा. "सर, हे मी केलेले नाही, पण शिकेन," हे उत्तर चालते. प्रयोगशाळेत नोंदवहीतील प्रत्येक आकडा खरा असावा लागतो. म्हणून मुलाखत घेणारा ज्ञानाबरोबर खरेपणाही पाहतो. न केलेला प्रयोग केला म्हणू नये.

४. आदल्या दिवशीची तयारी. मूळ गुणपत्रिका, आधार कार्ड, झेरॉक्सचे दोन संच, फोटो एका फाईलमध्ये लावावेत. तलासरीला रेल्वे नाही. पाड्यावरून स्टेशनपर्यंत कशाने जायचे, हे आधीच ठरवावे. उशिरा पोहोचलेल्याचे मन पहिल्या प्रश्नालाच डळमळते.

मंडळीतील वाचकांना एक विनंती. आपल्यात परिचारिका, शिक्षक, कारखान्यात काम करणारे आहेत. महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर तासभर थांबा. टेबलाच्या पलीकडे बसा आणि आमच्या मुलांना प्रश्न विचारा. अनोळखी माणसासमोर बोलायची सवय पुस्तकातून लागत नाही. ज्या घरात पहिलाच पदवीधर आहे, तेथे हा सराव घेणारे कोणी नसते.

त्या मुलीने परवा दुसरी मुलाखत दिली. या वेळी तिने चुना लावलेल्या मडक्यापासून सुरुवात केली. त्यावर प्रश्नावर प्रश्न आले आणि तिने उत्तरे दिली, असे ती सांगते. निकाल अजून यायचा आहे. आपल्या प्रार्थनेत तिची आठवण ठेवा.