वजन घटविण्याची इंजेक्शने : उरलेल्या औषधाचे काय करावे?

स्थूलता हा केवळ शरीराच्या आकाराचा प्रश्न नसून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आदी व्याधींना ती निमंत्रण देते, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. तिच्यावरील उपचारांत अलीकडे एका नव्या औषधवर्गाची भर पडली. टिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये, तर सेमाग्लुटाइड हे ‘वेगोवी’ या नावाने जून २०२५ मध्ये भारतीय बाजारपेठेत दाखल झाले. आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचून घ्यावयाच्या या औषधांच्या गुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती घरात उरली म्हणजे त्यांचे काय करावे, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

औषध उरण्याची कारणे अनेक असतात. काहींना मळमळ व उलट्या सहन होत नाहीत. काहींची मात्रा डॉक्टर वाढवितात, त्यामुळे आधीच्या शक्तीचे पेन पडून राहते. एखादी स्त्री मातृत्वाचा विचार करू लागली की तिला औषध थांबवावेच लागते. सेमाग्लुटाइड तर गर्भधारणेच्या नियोजनापूर्वी किमान दोन महिने बंद करावयाचे असते. मौंजारोची २.५ मिलिग्रॅमची एक कुपी बाजारात आली तेव्हा ३,५०० रुपयांची होती आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांची. एवढे मोल देऊन आणलेली वस्तू टाकून देण्यास सामान्य गृहस्थाचे मन धजत नाही, हे स्वाभाविकच आहे. अडचण येथूनच सुरू होते.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पावा. थोरली बहीण चार महिने सेमाग्लुटाइड घेत आहे. प्रारंभीच्या ०.२५ मिलिग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी मात्रा वाढवीत ती १.७ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचली आणि तेथे पोटाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी औषध बंद केले. पेनमध्ये दोन मात्रा शिल्लक आहेत. चवथीला माहेरी आलेली धाकटी म्हणते, “अक्का, वाया कशाला घालवतेस? मीच घेते.” सुई नवी लावली म्हणजे झाले, असे दोघींनाही वाटते.

धाकटीच्या शरीराला या औषधाची मुळीच सवय नाही. तिला पहिल्याच वेळी सुरुवातीच्या मात्रेच्या जवळजवळ सातपट औषध मिळेल. हे औषध जठरातील अन्न पुढे सरकण्याची गती मंद करते व भूक मंदावते. एकदम मोठी मात्रा गेल्यास अनावर उलट्या होऊन शरीरातील पाणी कमी होते आणि प्रसंगी मूत्रपिंडावर ताण येतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही. सेमाग्लुटाइडचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो, टिर्झेपटाइडचे सुमारे पाच दिवसांत येते. म्हणजे एका सकाळी घेतलेल्या निर्णयाचे परिणाम कित्येक आठवडे भोगावे लागू शकतात.

नव्या सुईचा भरवसाही फोल आहे. टोचताना रक्ताचा वा पेशींचा सूक्ष्म अंश पेनच्या नळीत मागे शिरू शकतो. सुई बदलली तरी तो आतच राहतो आणि कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’ किंवा एचआयव्ही यांचा संसर्ग त्या मार्गाने होऊ शकतो. सख्ख्या बहिणीचे पेनही यास अपवाद नाही.

शिवाय डॉक्टर औषध लिहून देण्यापूर्वी जे प्रश्न विचारतात ते येथे कोणीच विचारलेले नसतात. घराण्यात थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कर्करोगाचा इतिहास आहे काय, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती काय, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू आहे काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर औषध द्यावे की नाही आणि दिल्यास किती, हे ठरते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीने तर टिर्झेपटाइडमुळे त्या गोळ्यांचा प्रभाव घटू शकतो, हे जाणून घेतलेच पाहिजे. आखातातून वा विलायतेतून सुटीवर येणारे आप्त हल्ली चॉकलेटांबरोबर अशी पेनेही आणतात. प्रेमाची भेट म्हणून चॉकलेटे पुरेशी आहेत.

औषध विकण्याचा विचार तर मनातही आणू नये. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देता येत नाहीत, आणि परवान्याविना औषधविक्री करणे हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये गुन्हा आहे. घरी नेलेले औषध कोणत्या तापमानात राहिले याची खात्री देता येत नसल्याने फार्मसीनेही ते परत घेऊन दुसऱ्या रुग्णास देणे योग्य नव्हे.

पुन्हा वापरता येईल काय?

ज्याचे औषध त्यालाच ते पुढे वापरावयाचे असेल, तर प्रश्न वेगळा आहे. न उघडलेले पेन वा कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर डॉक्टरांना विचारून ती वापरता येते. मात्र दोनहून अधिक आठवड्यांच्या मात्रा चुकल्या असल्यास पूर्वीच्याच मात्रेने सुरुवात करू नये. बहुधा खालच्या पायरीपासून पुन्हा चढावे लागते. उघडलेल्या वेगोवी पेनची मुदत सहा आठवडे असते. मौंजारोची कुपी फ्रीजबाहेर ३० अंशांच्या आत २१ दिवस टिकते. मे महिन्यात आपल्या घरांतील तापमान ३० अंशांच्या आत राहते असे धरून चालू नये. वीज दीर्घकाळ गेली असेल तर तेही हिशेबात घ्यावे. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवल्याने गोठलेले औषध वितळल्यावर पूर्ववत दिसते. तथापि ते निकामी समजून टाकूनच द्यावे. गढूळ झालेल्या वा कण दिसणाऱ्या द्रवाचेही तसेच. चार मात्रा संपल्यावर पेनच्या तळाशी थोडे औषध दिसते. ते सिरिंजने खेचून पाचवी मात्रा करण्याची युक्ती काहीजण सांगतात. त्या थेंबांचे माप कोणालाच ठाऊक नसते.

विल्हेवाट

प्रथम सुई वेगळी करावी. ती जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट फिरकी झाकणाच्या बाटलीत टाकावी. कपडे धुण्याच्या द्रवाची रिकामी बाटली या कामी उत्तम. दुधाची पिशवी, कागदी पुडी वा काचेची बाटली नको. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून तिच्यावर ‘वापरलेल्या सुया’ असे ठळक लिहावे. उघडी सुई सुक्या कचऱ्यात गेली तर ती शेवटी कचरा वेगळा करणाऱ्या कामगाराच्या बोटात शिरते, आणि पुढचे कित्येक महिने रक्ततपासण्यांची टांगती तलवार त्या कुटुंबावर राहते. पेनमधील उरलेला द्रव मोरीत वा शौचकूपात ओतू नये. तो पेनमध्येच राहू द्यावा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शिकेत पाण्यावाटे सोडून देण्याजोगी १७ औषधे नमूद आहेत. ती प्रामुख्याने तीव्र वेदनाशामके असून वजनाच्या इंजेक्शनांचा त्यांत समावेश नाही.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मुदतबाह्य औषधे व वापरलेल्या सुया यांना घरगुती घातक कचऱ्यात गणले होते. यास्तव पेन व सुयांची बाटली ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता कचरा नेणाऱ्या कामगाराच्या हाती सांगून, स्वतंत्र द्यावी. पंचायतीची वा पालिकेची तशी सोय नसेल तर जेथे उपचार चालू आहेत त्या इस्पितळात किंवा फार्मसीत चौकशी करावी. इस्पितळांना आपला जैववैद्यकीय कचरा नियमानुसार पाठवावाच लागतो. केरळ राज्याने २०२५ मध्ये कोळिकोड येथे घरोघरची नको असलेली औषधे गोळा करण्याचा ‘एन-प्राउड’ हा उपक्रम सुरू केला. अन्य राज्यांनीही त्याचे अनुकरण करण्याजोगे आहे.

रिकामे खोकेही अखंड टाकू नये. बनावट सेमाग्लुटाइडविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. ब्राझील, ब्रिटन व अमेरिका येथे अशी बनावट औषधे आढळली होती. खऱ्या औषधाचे कोरे करकरीत खोके फसवणूक करणाऱ्याच्या उपयोगी पडू शकते. म्हणून ते फाडावे, नावाची चिठ्ठी खरवडावी आणि मगच कचऱ्यात टाकावे.

औषध नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिले काही महिने एका वेळी एकाच महिन्याचे औषध घ्यावे. पोटाला ते मानवते की नाही हे तेवढ्या काळात बहुधा कळते, आणि मात्रा बदलल्यास जुन्या शक्तीची पेने फ्रीजमध्ये साठत नाहीत.