नानांना फोन कर

अकोला

चि. राणीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

मोठ्या मामीचा काल अमरावतीहून फोन आला. दादाच्या लग्नाचा विषय निघाला, नाना म्हणाले, ‘आपल्या घराण्यात जातीबाहेर कोणी गेलं नाही,’ आणि तू सगळ्यांदेखत त्यांना सुनावलंस, ‘हा तर्कदोष आहे, परंपरेचा हवाला.’ नाना ताटावरून उठले म्हणे. राणी, हे खरं आहे काय?

लग्नाच्या बाबतीत मी तुझ्याच बाजूचा आहे. दादाने खुशाल लग्न करावं, मी उभा राहतो. नानांचं बोलणं तर्काला धरून नव्हतं, हेही कबूल. पण तुझा तर्कशास्त्राचा पेपर दोन क्रेडिटचा, जेमतेम तीस तासांचा. तेवढ्यात दोषांची नावं तेवढी पाठ होतात, आणि समोरच्याच्या बोलण्याला एकदा नाव चिकटवलं की माणूस ऐकायचं सोडतो. मला धास्ती आहे ती याचीच.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायचं तो वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडायचं ती वितंडा. त्या रात्री तू यातलं काय केलंस? नानांच्या युक्तिवादात एक विधान न बोललेलं होतं. तुझ्या मावशीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. तिला आणायला नाना रात्रीच्या एसटीने एकटे गेले होते. त्यांच्या तोंडी घराणं आलं, पोटात ती रात्र होती. ते विधान आधी बाहेर काढायचं, मग खोडायचं. विरोधकाची बाजू तिच्या सगळ्यात बळकट रूपात समजून घ्यावी, हे मिलने 1859 साली ‘ऑन लिबर्टी’त बजावलंय. पुढच्या सत्रात नीतिशास्त्र आहे ना, तिथे तो भेटेलच.

मिल वाचून घडलेले आगरकर 1875 साली आपल्या अकोल्यातूनच मॅट्रिक झाले. पुढे सगळ्या समाजाशी भांडले. पण मोठ्या पगाराची नोकरी करणार नाही हे आईला कळवताना त्यांनी पत्र लिहिलं, तिच्या आशा ओळखून, तिला समजेल अशा शब्दांत. आपल्या माणसाला पटवणं सगळ्यात अवघड असतं, बेटा.

मलाही विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान घ्यायचं होतं. तत्त्वज्ञ दि. य. देशपांड्यांचं नाव तेव्हा अमरावतीत आदराने घेतलं जाई. त्या वर्षी कपाशी गेली आणि मी जिनिंगमध्ये हिशेबाला बसलो. 1990 मध्ये त्यांनी ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केलं, तेव्हा कामावरून आलो की अंक वाचत बसायचो. वाचलेलं बोलायला घरात कोणी नव्हतं. ती रुखरुख अजून आहे.

म्हणून तू हा विषय घेतलास तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. रागावलो, पण विषय सोडू नकोस. तू प्रश्न विचारतेस याचा मला अभिमान आहे, नानांनाही आहे. मागच्या दिवाळीत तुझे मार्क ते शेजारीपाजारी सांगत फिरत होते. त्यांना आज फोन कर. माफी मागितली नाहीस तरी चालेल, फक्त मावशीबद्दल विचार आणि ते बोलतील तेवढं ऐक. मग दादाची बाजू मांड, मी सोबत येतो.

मे. पुं. रेग्यांचं ‘पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास’ तुझ्यासाठी काढून ठेवलंय. शनिवारी घरी ये. मामी पुरणपोळी करणार आहे. आणि डोळ्यांना जप, रात्री फार जागू नकोस.

तुझा मामा