सुटीनंतरचा फोन आणि रुग्णाचे गुपित

रुग्णाला दवाखान्यातून सुटी मिळाली म्हणजे उपचार संपले असे नव्हे. जखमेतून पू येतो का, बाळंतिणीला ताप आहे का, क्षयाच्या गोळ्या रोज चालू आहेत का, हे विचारायला सिस्टर फोन करतात. तो फोन उपयोगाचा आहे. प्रश्न एवढाच, की तो उचलतो कोण?

पूर्वी शेजारच्या घरचा पी.पी. नंबर दिला जाई. आता मोबाईल आले. तरी भूम, परंडा, कळंब भागातील पुष्कळ बायकांच्या केसपेपरवर मला नवऱ्याचा किंवा मुलाचाच नंबर दिसतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात तर एकच फोन सगळ्यांच्या हाती फिरतो. अशा फोनवर 'पिशवी साफ केल्यावर रक्तस्राव थांबला का?' असे विचारले, की गुपित फडावर पोचलेच. मग ती बाई पुढचा फोन घेत नाही, आणि ताप चढला तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. खरा धोका हाच.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित कामगाराला नाव लपवून, 'एमएक्स' म्हणून दाद मागू दिली. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यात गोपनीयतेचे बंधन स्पष्ट आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार त्या स्त्रीचे नाव डॉक्टरने अनधिकृत व्यक्तीला सांगितल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

सिस्टरांनी एवढे पाळावे :

१) प्रथम रुग्ण स्वतः बोलत आहे याची खात्री करावी.

२) दुसऱ्याने फोन घेतल्यास आजार, वॉर्ड, तपासणी यांचा उच्चार करू नये, 'पुन्हा करते' एवढेच म्हणावे.

३) 'आता मोकळेपणी बोलता येईल का?' हे विचारून, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न करावेत.

रुग्णांनी सुटीच्या वेळीच कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन करावा आणि कोणाशी बोललेले चालेल, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. स्वतःचा फोन नसेल तर पुन्हा दाखवायला येण्याची तारीख ठरवून घ्यावी. फोनवर कोणी ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागितला तर तो मुळीच देऊ नये.

वाचकहो, घरच्यांनी काळजीपोटी विचारणे समजू शकते; पण सांगायचे की नाही, हे ज्याचे दुखणे त्यानेच ठरवावे. सुनेचा फोन आला तर तो तिच्या हाती द्यावा आणि आपण जरा अंगणात जावे. तिच्या उपचाराला तेवढीही मदत होते.