एमसीए करावं का? सीटसाठी पैसे भरण्याआधी हे वाचा



मध्यंतरी शाळा सुटताना माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई फाटकाशी थांबली होती. घर माहुल गावातलंच. म्हणाली, "बाई, पोरगी बी.कॉम. झाली, आता एमसीए करायचं म्हणते. एक जण बोलला, पन्नास हजार आत्ता भरा, सीट पक्की करून देतो. भरू का?"

मी म्हटलं, "ताई, थांबा. एक रुपयासुद्धा देऊ नका. आधी दोघी माझ्याकडे या." त्या संध्याकाळी आम्ही जे बोललो, तेच इथे लिहिते. असे प्रश्न घेऊन तुमच्याकडेही कुणीतरी येत असेलच.

एमसीए म्हणजे काय?

एमसीए म्हणजे संगणक उपयोजन या विषयातली पदव्युत्तर पदवी. पूर्वी हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला. बीसीए, बी.एस्सी. केलेली मुलं इकडे येतात, तशी बी.कॉम., बी.ए. केलेलीही येऊ शकतात. पदवीला ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. संगणकाची पार्श्वभूमी नसेल तर ब्रिज कोर्स करावा लागतो. नियमांत बदल होत असतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

इंजिनिअरिंग हुकलेल्या मुलांसाठी हा दुसरा दरवाजा आहे, असं मी म्हणेन.

प्रवेश कसा होतो?

राज्याचा सीईटी कक्ष एमसीएची सीईटी घेतो. त्यात गणित व संख्याशास्त्र, तर्कक्षमता, इंग्रजी आणि संगणकाची मूलतत्त्वं असतात. नंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजेच कॅप राउंड. आपल्या बाजूला चेंबूरचं विवेकानंद (व्हीईएसआयटी), माटुंग्याचं व्हीजेटीआय, अंधेरीचं सरदार पटेल (एसपीआयटी) इथे एमसीए आहे. चेंबूर तर माहुलहून बसच्या अंतरावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. खासगी व अभिमत विद्यापीठांना आणि मॅनेजमेंट कोट्यातल्या जागांना ही सवलत नाही. म्हणजे आपल्या ताई पन्नास हजार भरून "पक्की सीट" घ्यायला निघाल्या होत्या आणि त्याच पायी पुढच्या दोन्ही वर्षांची फीमाफी घालवून बसणार होत्या! अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेगळी आहे. मुलग्यांसाठी राजर्षी शाहू महाराज योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर ही कागदपत्रं सीईटीच्या आधीच काढून ठेवा.

पुढे नोकरीचं काय?

सॉफ्टवेअर डेव्हलपर, टेस्टर, डेटाबेस सांभाळणारा, डेटा अॅनालिस्ट, वेब आणि मोबाइल अॅप बनवणारा, अशी कामं मिळतात. अंधेरीचं सीप्झ, ऐरोली, पुण्याचं हिंजवडी ही जवळची ठिकाणं. एक वाट पालकांना सहसा माहीत नसते. सरकारी बँकांत आयबीपीएसमार्फत आयटी अधिकारी भरतात. त्या पदाला नुसती बीसीए चालत नाही, एमसीए चालते. शिकवायची आवड असेल तर नेट परीक्षेत संगणक विज्ञान व उपयोजन हा विषय आहे.

पण खरं सांगते, पदवीचा कागद हातात आला म्हणजे नोकरी लागली असं नाही. साधा कोड आता एआयची साधनंही लिहून देतात. त्यातली चूक शोधणारा, कामाची गरज समजून घेणारा माणूस कंपनीला हवा असतो. म्हणून मुलांनी दोन वर्षांत स्वतःच्या हाताने निदान एक-दोन प्रोजेक्ट पूर्ण करावेत. कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या जाहिरातीवर जाऊ नका. किती मुलं शिकली, त्यातली किती लागली आणि कशा कामावर लागली, ते विचारा. जमलं तर शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून बोला.

आपल्या शिक्षकांसाठी

या मुलीने अकरावी कॉमर्सला गणित घेतलं होतं. तिच्या मैत्रिणींनी एसपी घेतलं, कारण "गणित नको बाबा." गणिताची ही भीती अकरावीत येत नाही. ती आपल्या तिसरी-चौथीच्या वर्गात, भागाकाराच्या फळ्यासमोर सुरू होते. तेव्हा "तुला नाही जमणार" असं आपण सहज बोलून जातो आणि दहा-बारा वर्षांनी एक दरवाजा त्या मुलाला अवघड होऊन बसतो. मीही हे बोललेली आहे. आता जपून बोलते.

ताईंनी पैसे भरले नाहीत. मुलगी बारावीचं गणिताचं जुनं पुस्तक काढून सीईटीची तयारी करतेय. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्जही दिलाय. सीट मिळेल की नाही ते तिच्या गुणांवर ठरेल, पण ती आता योग्य रांगेत उभी आहे.

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना हे नक्की वाचून दाखवा.